गाठोड्यातली बाहुली



आज मी आपल्याशी एका लहानशा गाठोड्याविषयी बोलणार आहे. घर सोडताना माणसे जी मोठी गाठोडी बांधतात त्यांतले हे नव्हे. ती आपल्याला ठाऊक आहेत. अंथरूण-पांघरूण, तवा, पातेली, तांदळाची चुंगडी, देव्हाऱ्यातले देव आणि सगळ्यांत शेवटी पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्या. मी म्हणतो ते गाठोडे असते जेमतेम वीतभर. आईच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात ते बांधलेले असते. आत एक चिंधीची बाहुली, तिची दोन-तीन लुगडी, एखादी चोळी, रंगीत दोऱ्याची गुंडी, आणि भाऊ धाकटा असला तर त्याचा मातीचा बैल व त्या बैलाची झूल. गाठ मारणारी व्यक्ती सहा-सात वर्षांची असते. सामान वाहणाऱ्या मोठ्या माणसांना त्या गाठोड्याचा पत्ताही नसतो, आणि असला तरी, "हे कशाला घेतलंस गं?" यापलीकडे त्याची कोणी विचारपूस करीत नाही.

ती विचारपूस आज आपण थोडी करू.

आपल्या भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, वैनगंगेवर, गोसे गावापाशी मोठे धरण झाले. सरकारी कागदांत त्याचे नाव इंदिरा सागर, पण लोकांच्या तोंडी गोसीखुर्दच. १९८८ साली तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ३३ दरवाज्यांचे हे धरण. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन त्याने भिजावी अशी योजना. पाणी अडले की ते मागे पसरते. तसे ते भंडारा जिल्ह्यात पसरले आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूरच्या बाजूलाही पसरले. कित्येक गावे उठली आणि नव्या गावठाणांत जाऊन बसली. मोबदला, जमीन, नोकरी या गोष्टींची चर्चा विधिमंडळात झाली, न्यायालयांत झाली, मोर्चांतही झाली. ती मोठी आहे आणि जाणत्यांनी केलेली आहे. त्या चर्चेत वीतभर गाठोड्याला जागा मिळत नाही हे स्वाभाविकच म्हणायचे.

पण गाव सोडणे हे काही धरणानेच होते असे नाही. ज्यांची जमीन थोडी किंवा नाहीच, अशी आपल्याकडची कुटुंबे धानाची कापणी-मळणी आटोपली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, तेव्हा घरेच्या घरे जंगलाच्या कडेला मुक्काम करतात. रोवणीच्या दिवसांत बायांचे जथे या गावाहून त्या गावाला जातात. उलट धरणाच्या, कालव्याच्या, रस्त्याच्या कामावर परगावचे मजूर पोराबाळांसह आपल्याकडे येऊन झोपड्या घालतात. जाणारे असोत की येणारे, मुलांचे सामान एकाच प्रकारचे. विकत घेतलेले खेळणे त्यात क्वचित. असले तर जत्रेतली पिपाणी, आणि तिचे आयुष्य जत्रेहून घरी येईपर्यंतचे.

मग ही मुले खेळतात कशाशी? चिंधीशी, मातीशी आणि तणसाशी.

आता ही बाहुली कशी होते ते पाहू. ज्या भगिनी ऐकत आहेत त्यांना हे ठाऊकच असेल. गुरुजींपैकी काहींना कदाचित नसेल, म्हणून सांगतो. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ पडलेला तुकडा घ्यायचा. कोरे कापड नको. खळीचे कापड नीट वळत नाही आणि वळलेच तर गाठीशी फुगते. वीतभर रुंदीची पट्टी घट्ट गुंडाळली की धड तयार. तिच्या एका टोकावर सावरीच्या कापसाचा बोळा ठेवायचा, वरून फडके ओढून घ्यायचे आणि मानेशी दोरा आवळायचा. डोके झाले. दुसरी बारीक गुंडाळी मानेखाली आडवी ठेवून छातीवर फुलीसारखा दोरा फिरवला की हात झाले. पायांची तशी गरज नाही, कारण लुगड्याखाली पाय कोण पाहतो? पण काही मुलींना पाय हवेच असतात. त्या खालची बाजू दुभंगतात आणि दोन पाय वेगळे वळतात. मग ती बाहुली बसू शकते. बसणारी बाहुली उभ्या बाहुलीपेक्षा वरच्या दर्जाची समजावी. ती जेवायला बसते, विड्या बांधायला बसते, शाळेत बसते.

तोंडावर कोळशाचे किंवा काजळाचे दोन ठिपके. पुष्कळ घरी नाकही काढीत नाहीत. मला हे फार बरे वाटते. चेहरा कोरा असला की बाहुली सकाळी रडकी, दुपारी हसरी आणि रात्री तापाने फणफणलेली होऊ शकते. बाजारातली प्लॅस्टिकची बाहुली अष्टौप्रहर हसते. तिला आजारी पाडायचे म्हटले तरी ती हसतच पडते!

बाहुली झाली, पण खेळ अजून सुरू व्हायचाच आहे. खरा खेळ तिला नेसवण्यात आहे. तिला वर्षभरात फार तर एकदा नवे डोके लागते. लुगडी मात्र दिवसातून चार वेळा बदलतात. शेतात जायचे लुगडे वेगळे, लग्नाचे वेगळे, आणि गावाला जायचे तर निराळेच.

इथे थोडे थांबावेसे वाटते. लुगड्याचे अंग आधी विरते, काठ मागाहून. काठाची वीण दाट, म्हणून तो टिकतो. आजीचे लुगडे वापरून वापरून पार विरले, गोधडीला लागले, तरी काठाची पट्टी शिल्लक राहते. तीच बाहुलीच्या वाट्याला येते. आपल्या जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगाव ही नावे हातमागाच्या कापडासाठी जुन्या काळापासून घेतली जातात. मोहाडी-आंधळगावचा कोसा तर आजही लोक विचारत येतात. अशा एखाद्या कापडाचा चार बोटांचा तुकडा नातीच्या गाठोड्यात असतो, आणि घरात ते कापड म्हणून दुसरे काहीच उरलेले नसते. कुटुंबाच्या कपड्यांचा जणू तो शेवटचा नमुना. त्याची नोंद कोणाकडे नसते.

दुसरी गोष्ट नेसण्याची. आज नऊवारी लुगडे रोज नेसणाऱ्या बाया गावोगाव थोड्याच उरल्या, आणि त्या वयाने आजीच्या पिढीतल्या. सुना पाचवारी-सहावारी नेसतात, नाती फ्रॉक आणि पंजाबी घालतात. मग निऱ्या कशा पाडायच्या, कासोटा मागे कसा खोचायचा, ओचा म्हणजे काय, काम करताना पदर कमरेला कसा आवळायचा, हे नातीला कळणार कुठून? बऱ्याच घरांत ते बाहुलीवरूनच कळते. "आजी, माह्या बाहुलीले लुगडं नेसवून दे वो," असे नात म्हणते. आजी सुपातले धान निवडता निवडता म्हणते, "थांब वो बाई, आधी निऱ्या तं पाड." मग दोघींच्या मध्ये ती वीतभर बाई उभी राहते. निरी, केळ, ओचा, पदर, काठ, कासोटा हे सगळे शब्द एका बैठकीत नातीच्या तोंडी येतात. पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत कधीच येत नाहीत.

गाव उठते तेव्हा ओटा जातो, विहीर जाते, नदीवरची वाट पाण्याखाली जाते. शेजार बदलतो. नव्या गावठाणात रस्ते सरळ असतात, प्लॉटला नंबर असतो, आणि आजीला आपल्या वयाची बाई कुठल्या गल्लीत राहते ते कळायला वर्ष लागते. अशा वेळी आजी-नातीचे हे नेसवणे बंद पडले, तर पुन्हा सुरू होण्याचे कारण राहत नाही. मी वीतभर गाठोड्याची विचारपूस करतो ती यासाठी.

वीटभट्टीवरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आजी बहुधा नसते, ती गावी घर राखते. आई-बाप पहाटेपासून चिखलात. धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची ताई. बाहुली करते ती हीच. तिच्याजवळ कापड थोडे, माती मात्र हवी तेवढी. विटेसाठी मळलेली माती खडेविरहित आणि लोण्यासारखी असते. बाहुली तिच्याच हाताची, उन्हात वाळवलेली. तिचे कपडे मिळेल त्याचे. सिमेंटच्या पोत्याच्या सुताचे केस, शाम्पूच्या चकचकीत पुडीचा जरीकाठ, गोळीच्या कागदाची नथ. ज्या घरी बाया विड्या बांधतात तिथे पान कापून उरलेल्या तेंदूच्या कात्रणांचा घागरा होतो आणि विडीला बांधायच्या रंगीत दोऱ्याच्या बांगड्या होतात. उन्हाळ्यात पळसाची पाने मोठी आणि चिवट झाली की त्यांना काडी टोचून डोक्याला पगडी. पोरे ती बाहुलीच्या डोक्यावर ठेवतात, आपल्या डोक्यावर ठेवतात, आणि कुत्र्यालाही सोडत नाहीत.

आमच्या भागात भट्टीवर छत्तीसगडची कुटुंबे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे अक्षय तृतीयेला अक्ती म्हणतात, आणि त्या दिवशी मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. पुतरा-पुतरी म्हणतात त्यांना. आपल्याकडेही भातुकलीत बाहुला-बाहुलीचे लग्न लागतेच. आता गंमत पाहा. आपण म्हणतो लुगडे, ते म्हणतात लुगरा. दोन मुलुखांच्या पोरी एका भट्टीवर आल्या आणि एकीची नवरी व दुसरीचा नवरा असला, म्हणजे बोलणी कुठल्या भाषेत करायची हा प्रश्न पडत नाही. लुगडे-लुगरा एवढ्या पुंजीवर लग्न पार पडते. भाषेच्या प्रश्नावर परिषदा भरवणाऱ्या विद्वानांनी एकदा हे पाहून यावे असे मला गंभीरपणे वाटते.

मुलींचेच बोललो, म्हणून मुलगे रुसायचे. त्यांच्या सजवण्याच्या खेळण्याचा तर आपल्याकडे मोठा सणच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या श्रोत्यांसाठी सांगतो. पोळ्याला खरे बैल सजतात, तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी किंवा मातीचे बैल. ही चाल नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची असे सांगतात. नागपूरच्या भोसले वाड्यातल्या मोठ्या लाकडी नंदीचे नाव तर सर्वांच्या परिचयाचे. मुले आपापले नंदी घेऊन तोरणाखाली जमतात, झडत्या म्हटल्या जातात, मग घरोघर फिरून बोजारा मिळवायचा. खाऊ म्हणा, पैसे म्हणा. शहरात अलीकडे सजावटीची आणि वेशभूषेची बक्षिसे लागतात. तीन फुटी, चाकांवरचे, पॉलिश केलेले नंदी दुकानात मिळतात, आणि त्यांच्या शेजारी उभा राहतो एखाद्या मजुराच्या मुलाचा मातीचा, शिंग एकदा मोडून पुन्हा चिकटवलेला बैल.

पण त्या मातीच्या बैलाची झूल पाहावी! चोळीच्या खणाचा तुकडा, मध्ये कात्रीने नव्हे तर दाताने फाडलेली भेग, कडेला गोधडीच्या दोऱ्याच्या झालरी. कपाळावर गोळीच्या कागदाचे बाशिंग. गळ्यात घुंगरांच्या जागी वाळलेल्या शेंगा. मान हलवली की वाजतात. ज्वारीच्या धांड्याची गाडी, तुराट्यांचे जू. धांडा सोलून त्याच्या आतला भेंडासारखा गाभा आणि वरची कडक साल यांची सांधणी करायची. खिळा नाही, डिंक नाही. सालीचे टोक गाभ्यात खुपसले की चाक बसते. ज्याने ही गाडी केली त्या मुलाला 'हाताने काम करण्याची सवय नाही' असा शेरा कोणी मारू नये.

पोळा येतो श्रावणी अमावस्येला, तेव्हा बहुतेक कुटुंबे गावी असतात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, गावोगाव दंडार होते, नाटके होतात. आपला हा झाडीपट्टीचा मुलूख नाटकवेडा. रात्री राजा पाहिलेली मुले सकाळी स्वतः राजा होतात. पुठ्ठ्याचा मुकुट, अंबाडीच्या तंतूची दाढी, आईचे पातळ खांद्यावरून सोडले की झाला शालू. आणि नेमक्या याच हंगामात ट्रक येऊन उभा राहतो. कुटुंब भट्टीवर निघते. राजाचा मुकुट गाठोड्यात मावत नाही. तो राहतो, बाहुली जाते.

हे खेळ आपल्याच मुलुखात आहेत असे समजू नका. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक चिंधीची बाहुली आहे. इजिप्तमध्ये रोमन राज्य होते त्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी. जाड्याभरड्या लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले. ती टिकली कारण तिथली हवा कोरडी. त्याच शहरात बेथनल ग्रीन म्हणून गरीब वस्ती होती. तिथल्या एका मुलाची, जुन्या बुटाची बाहुली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एडवर्ड लव्हेट नावाच्या संग्राहकाने मिळवली. बुटाची टाच म्हणजे तोंड, तळवा म्हणजे अंग, वर चिंध्यांचा झगा. तीही आज संग्रहालयात आहे. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बाहुल्यांचे मोठे संग्रहालय उघडले. त्यात देशोदेशीच्या पोशाखांतल्या बाहुल्या आहेत.

आपली बाहुली कुठल्या संग्रहालयात आहे? आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि फार प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. दगड दोन हजार वर्षे राहिला. त्या काळी पवनीत मुली नव्हत्या असे थोडेच आहे? बाहुल्याही असतीलच. पण चिंधीला आपला पाऊस ठेवत नाही. आणि आता जी गावे पाण्याखाली गेली, त्यांची देवळे, दगडी पायऱ्या पाणी ओसरल्यावर कधीमधी दिसतीलही. कापड दिसायचे नाही. ते टिकले तर गाठोड्यातून जाणाऱ्या मुलीबरोबरच टिकेल.

आता शिक्षक बंधु-भगिनींशी दोन शब्द बोलतो.

हाताशी असलेल्या वस्तूंतून खेळणी आणि खेळण्यांतून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला आदिवासी वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. पाने, बिया, शिंपले, माती हेच त्यांचे साहित्य. अगदी आपल्या काळात पुण्याला अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब, फुटक्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी शेकडो खेळणी केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळण्यांतून शिक्षणाचा पुरस्कार केला, आणि २०२३ साली 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी निघाली. पेटी चांगली आहे. माझे म्हणणे इतकेच, की स्थलांतरित मुलगी वर्गात येते तेव्हा आपला पिटारा ती बरोबर घेऊन आलेली असते, आणि आपण तिला तो दप्तराबाहेर ठेवायला सांगतो.

जानेवारीत किंवा मार्चमध्ये नवे नाव पटावर येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाला योग्य त्या वर्गात तिला घ्यायचे असते. गावाहून शिक्षण हमी पत्रक आणले असेल तर उत्तम. नसले तरी प्रवेश अडत नाही. कागद पुरे होतात. मुलगी मात्र बोलत नाही. पहिला आठवडा खिडकीकडे पाहत बसते. आपण विचारतो, "तुझ्या गावाचे नाव काय?" ती खाली मान घालते. कुठले सांगणार? जे बुडाले ते, जिथे प्लॉट मिळाला ते, की भट्टी आहे ते?

तिच्या बाहुलीला विचारा. "हिचे लुगडे कोणाचे गं?" या प्रश्नाला उत्तर मिळते. हे आजीच्या लुगड्याचे, हे मावशीच्या लग्नातले, हा तुकडा शिंप्याकडचा. एकेका तुकड्याला नाव असते, गाव असते, नाते असते. चार वाक्ये बोलली की ती फळ्यावर लिहा. तो तिचा पहिला धडा. मोजमाप शिकवायचे आहे? खरे लुगडे नऊ वार लांब आणि बाई एवढी उंच, तर वीतभर बाहुलीला किती बोटांची पट्टी हवी, हा हिशेब तिने केव्हाच हाताने केलेला असतो. आपण त्याला फक्त आकडे लावून द्यायचे. मुलग्यांनाही नेसवायला बसवा. हसतील सुरुवातीला. निऱ्या पाडताना हसू आपोआप थांबते, कारण निऱ्या पाडणे सोपे नाही.

नव्या गावठाणातल्या शाळेत आणखी एक करता येईल. पंधरवड्यातून एका दुपारी दोन-तीन आज्यांना शाळेत बोलवा. त्यांना भाषण करायला लावू नका, त्या लाजतात आणि आपणही कंटाळतो. पुढ्यात चिंध्या ठेवा. जुन्या गावची गोष्ट हात चालू असताना निघते. कुठल्या पारावर कोणते झाड होते, नदीवर धुणे धुवायची शिळा कोणाची, बांधीच्या धुऱ्यावर कोण तूर पेरी. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे. गावाचा नकाशा तलाठ्याकडे मिळेल, पण शिळेचे नाव त्यात नसणार.

काही पथ्ये सांगतो. शेतातल्या औषधांच्या बाटल्या, त्यांची झाकणे, खता-औषधांची पोती यांतले काहीही खेळण्याला घेऊ नये, कितीही धुतले तरी. पोत्याचा दोरा हवाच तर धान्याच्या किंवा साखरेच्या पोत्याचा घ्यावा. बांगडीच्या काचा नकोत. घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर मणी, बटणे, गुंजा बाहुलीला लावू नयेत, तोंडात जातात. गुंजेची बी तर चावली गेली तर विषारी. चिंध्या आधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवाव्यात. सुई मोठ्यांच्या हाती असावी, किंवा असूच नये. चांगली चिंधीची बाहुली नुसत्या गाठींवर उभी राहते.

आणि एक गैरसमज नको. चिंधीच्या बाहुलीचे कौतुक म्हणजे चिंधीचे कौतुक नव्हे. सात वर्षांच्या मुलीने भट्टीवर भाऊ सांभाळत बसावे, शाळा बुडवावी, आणि आपण तिच्या कल्पकतेवर खूश व्हावे, हे मला मान्य नाही. तिला दूध हवे, शाळा हवी, सावली हवी. दुकानातले खेळणे मिळाले तर तेही हवे. कोणत्या मुलाला नको असते? वसईकडच्या वीटभट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या, साखर कारखान्यांच्या आवारात ऊसतोड्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्या याच गरजेतून. अशा शाळा जिथे बंद पडल्या तिथे पुन्हा निघाव्यात, आणि आमच्या भागातल्या भट्ट्यांवरही पुरेशा असाव्यात. बाहुली ही या मागणीच्या आड येता कामा नये.

आता दिवाळी होईल आणि काही कुटुंबे निघतील. कोणाचे केव्हा जायचे ते वर्गातल्या मुलांना गुरुजींच्या आधी कळते. तेव्हा जाणाऱ्या मुलीची बाहुली प्रदर्शनासाठी म्हणून शाळेत ठेवून घेऊ नका. ती तिच्याबरोबर जाऊ द्या. वर्गात एक हवी असेल तर निघण्याआधी एक दुपार मोकळी ठेवा आणि तिच्याच हातून दुसरी करवून घ्या. वर्गातल्या दोन मैत्रिणींना मदतीला बसवा. दोन्ही बाहुल्यांचे लुगडे एकाच कापडातून फाडावे. म्हणजे पावसाच्या तोंडावर ती परत येईल तेव्हा दोघींना शेजारी ठेवून, कोणाचा रंग किती उडाला ते मुलांना पाहता येईल.